सुवास जखम भरून आणतो काय?

दिवाळीच्या चार दिवसांत घराघरांत सुवासाचे राज्य असते. उटण्यात वाळा असतो, नागरमोथा असतो, कपूरकाचरी असते. अभ्यंगाच्या तेलात कोणी मोगरा मिसळते, कोणी चंदन. या वासाने मन प्रसन्न होते याविषयी कोणाचाच वाद नाही. वाद सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. ज्या सुवासाने मन प्रसन्न होते, त्याने कातडीवरची जखमही लवकर भरते काय?

हा प्रश्न आमच्या वाचक भगिनी अलीकडे वारंवार विचारतात, आणि त्याला कारणही तसेच आहे. औषधांच्या दुकानात हल्ली लहान लहान तपकिरी बाटल्या दिसू लागल्या आहेत. कोणावर लव्हेंडरचे चित्र, कोणावर ‘टी ट्री’ नावाच्या ऑस्ट्रेलियन झाडाचे. आत दहा-पंधरा मिलिलिटर तेल आणि किंमत मात्र शेरभर गोडेतेलाला लाजवील अशी! दुकानदार सांगतो, “कापले, भाजले, खरचटले, दोन थेंब लावा. अगदी नैसर्गिक आहे हो, अपाय कसा होणार?” घरी आणल्यावर आजी म्हणतात, “यात नवे ते काय? आमच्या वेळी लवंगेचे तेल होतेच की!” आणि कॉलेजात जाणारा नातू म्हणतो, “आजी, ही सगळी थोतांडे आहेत.” आता आजी खऱ्या की नातू खरा, याचा निवाडा करायचा तर दोघांनाही थोडा वेळ गप्प बसवून परीक्षा कशी घेतात ते पाहिले पाहिजे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. तेल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तीळ, शेंगदाणे, खोबरे येते. ही तेले घाण्यावर निघतात. कागदावर थेंब टाकला तर डाग पडतो आणि तो जात नाही. सुगंधी तेलाची जात निराळी. फुले, पाने, साली, मुळ्या पाण्याबरोबर तापवून त्यांची वाफ थंड केली, म्हणजे ऊर्ध्वपातन केले, की पाण्यावर जो पातळ थर तरंगतो तो या तेलाचा. त्याचा थेंब कागदावर टाका; थोड्या वेळाने तो बहुतेक उडून जातो. एक किलो गुलाबाच्या तेलाला काही हजार किलो फुले लागतात, म्हणजे बाटलीतला एक थेंब केवढा तीव्र असेल याची कल्पना करा. वैद्यांचे जात्यादी तेल आणि दुकानातले लव्हेंडर तेल ही दोन्ही ‘तेले’च, परंतु एकाचा अनुभव दुसऱ्याच्या नावावर जमा करता येत नाही. जात्यादी तेलाचा पाया तिळाचे तेल आहे, त्यात वनस्पतींचा अंश असतो. लव्हेंडरच्या बाटलीत मात्र निव्वळ तीव्र अर्क असतो.

जखमेपाशी सुगंधी द्रव्ये वापरण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी. सुश्रुताने व्रणावर साठ उपक्रम सांगितले. त्यांत व्रणाला धुरी देणेही आहे. गुग्गुळ, अगरू, राळ, वेखंड, पांढरी मोहरी, कडुनिंबाची पाने, मीठ आणि तूप ही त्या धुरीची सामग्री. जखमी माणसाची खोली कशी स्वच्छ आणि वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित असावी हेही त्याने सांगून ठेवले. ज्या काळी जंतू कोणी पाहिले नव्हते, त्या काळी हे निरीक्षण होते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

आता फ्रान्सकडे वळू. रने-मॉरिस गॅटफॉसे हा लिऑनकडचा, सुगंधाच्या धंद्यातला रसायनशास्त्रज्ञ. १९१० च्या जुलैत त्याच्या प्रयोगशाळेत स्फोट झाला आणि तो पेटला. गवतावर लोळून त्याने आग विझवली. पुढे हातांच्या जखमा झपाट्याने सडू लागल्या. गॅस गँगरीन म्हणतात तो भयंकर विकार. त्याने लव्हेंडरच्या अर्काने जखमा धुतल्या, आणि सडणे थांबले असे त्याने स्वतः लिहून ठेवले. १९३७ साली त्याने ‘अरोमाथेरपी’ हे नाव मिरवणारे पुस्तक काढले. लोकांच्या तोंडी ही हकीकत गेल्यावर तिला पाय फुटले. जळता हात त्याने चुकून लव्हेंडरच्या पिंपात बुडवला आणि जादू झाली, अशी कथा आजही सांगतात. त्याने स्वतः सांगितलेली हकीकत एवढी नाट्यमय नाही. परंतु ती अधिक गंभीर आहे, कारण त्या काळी गॅस गँगरीनने माणसे मरत.

गॅटफॉसे खोटे बोलला असे म्हणण्याचे काही कारण नाही. तरी त्याच्या हकीकतीवरून काय सिद्ध होते? एका हाताला लव्हेंडर आणि दुसऱ्याला नुसते पाणी, असे त्याने केले नाही. आणि स्वतःचे हात सडत असताना तसे कोणी करणारही नाही. म्हणून लव्हेंडरने गुण आला, नीट धुतल्याने आला, की शरीराने स्वतःच बाजी मारली, हे त्या एका अनुभवावरून कधीच ठरणार नाही. आपल्या घरातही हेच घडते. खरचटल्यावर काही लावा वा न लावा, बहुतेक जखमा आठ-दहा दिवसांत भरतात. श्रेय मात्र शेवटी जे लावले त्याला मिळते!

बशीतली परीक्षा

मग परीक्षा घ्यायची कशी? सर्वांत सोपी परीक्षा काचेच्या बशीतली. बशीत खिरीसारखा घट्ट खाऊ ओतून त्यावर जंतू पेरतात. तेलात भिजवलेली कागदाची टिकली मध्ये ठेवतात आणि एक रात्र उबेत ठेवून देतात. सकाळी टिकलीभोवती स्वच्छ कडे दिसले तर तेवढ्या जागेत जंतू वाढले नाहीत असे समजायचे. या परीक्षेत सुगंधी तेले बऱ्याचदा उत्तीर्ण होतात, काही तर चांगल्या गुणांनी. १९२० नंतरच्या दशकात सिडनीच्या टेक्नॉलॉजिकल म्युझियममधल्या आर्थर पेनफोल्डने टी ट्रीचे तेल तपासले. ज्या कार्बॉलिक ॲसिडने लिस्टरने १८६५ पासून शस्त्रक्रियेत क्रांती घडवली, त्याच्यापेक्षा हे तेल जंतू मारण्यात सुमारे ११ पट प्रबळ आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. आपल्या ओव्याची हकीकतही अशीच. ओव्याच्या तेलातून मिळणारे थायमॉल, म्हणजे आपले ओव्याचे फूल, जंतुनाशक म्हणून एवढे मोलाचे ठरले की पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातला ओवा जहाजांनी जर्मनीला जाई आणि थायमॉल तेथे तयार होई. लवंगेच्या तेलातले युजेनॉल दंतवैद्य जस्ताच्या भस्मात कालवून दातांत भरतात ते आपल्याला ठाऊकच आहे. तेव्हा नातवाने ‘थोतांड’ म्हणण्यापूर्वी एकदा ओव्याच्या डब्याला नमस्कार करावा.

परंतु बशीची परीक्षा फसवीही असते. ही तेले पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे ओलसर खाऊत ती नीट पसरत नाहीत. चांगले तेलही नापास होऊ शकते. उलट, ती उडून जातात, आणि एका टिकलीची वाफ शेजारच्या टिकलीलाही गुण मिळवून देते. शिवाय एका नावाचे तेल प्रत्येक वेळी एकच असते असे नाही. एका ठिकाणच्या तुळशीत युजेनॉल भरपूर, तर दुसरीकडच्या तुळशीत दुसरेच द्रव्य वरचढ. म्हणून शहाणा संशोधक आधी तेलाची फोड करून कोणते द्रव्य किती टक्के ते मोजतो. टी ट्रीच्या तेलासाठी तर आंतरराष्ट्रीय प्रमाणच ठरले आहे. त्यातले टर्पिनेन-४-ऑल हे मुख्य द्रव्य किमान ३५ टक्के असले पाहिजे, असे २०१७ चे प्रमाण सांगते. आपल्या बाटलीवर असे काही लिहिलेले असते काय, हे एकदा पाहावे.

फ्लेमिंगची काचेची जखम

याहून मोठा प्रश्न पुढे आहे. जंतू मेले म्हणजे जखम भरलीच काय? याचे उत्तर एका प्रसिद्ध माणसाने पहिल्या महायुद्धातच देऊन ठेवले. पेनिसिलिनचा शोध लावणारा तोच अलेक्झांडर फ्लेमिंग तेव्हा फ्रान्समधल्या बूलोन्य येथे जखमी सैनिकांच्या जखमा तपासत होता. डॉक्टर त्या जखमांत तीव्र जंतुनाशके ओतत. तरी जखमा चिघळत. फ्लेमिंगने काचेची नळी तापवून तिच्या बाजूंना पोकळ काटे ओढले, म्हणजे तोफगोळ्याने झालेल्या वेड्यावाकड्या जखमेची प्रतिकृतीच. तिच्यात जंतूंनी दूषित द्रव भरला, तो ओतून जंतुनाशक भरले, तेही ओतून स्वच्छ द्रव भरला. दुसऱ्या दिवशी तो द्रव पुन्हा नासला! काट्यांच्या टोकांत लपलेल्या जंतूंपर्यंत औषध पोचलेच नव्हते. दुसरे त्याने दाखवले ते अधिक महत्त्वाचे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढत असतात. आणि ही जंतुनाशके जंतूंपेक्षा त्या पेशींनाच आधी मारत होती. घरात चोर शिरला म्हणून गोळीबार करावा आणि पडावा आपलाच पहारेकरी, तशातली गत.

हाच धोका सुगंधी तेलांनाही लागू आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कातडीच्या पेशींवर टी ट्रीचे तेल घातले तर त्या पेशीही मरतात, असे दिसून आले. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी याच कारणासाठी भाजलेल्या जागी ते तेल असलेले औषध वापरू नये असा सल्ला दिला. जेथे हे झाड उगवते त्याच देशातले हे मत आहे, हे विशेष.

जखम भरणे हे एकच काम नव्हे. आधी रक्त गोठते. मग जागा लाल होते, सुजते. पांढऱ्या पेशी येऊन साफसफाई करतात. मग तळातून लालसर मांसांकुर वर येतात आणि कडांकडून नवी कातडी सरकत येते. शेवटी महिनोन्‌महिने आतल्या तंतूंची फेरबांधणी चालते. इतके करूनही त्या जागेला मूळच्या कातडीच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच बळकटी येते; शंभर टक्के कधीच नाही. तेव्हा ‘जखम भरून आणणारे तेल’ असे म्हणताना यांतल्या कोणत्या कामाला ते मदत करते, असा प्रश्न विचारायला हवा.

उंदीर, डुक्कर आणि माणूस

यासाठी पुढची परीक्षा उंदरांवर घेतात. भूल देऊन पाठीवर ठरावीक मापाची गोल जखम करतात आणि रोज तिची कड पारदर्शक कागदावर उतरवून क्षेत्रफळ मोजतात. उंदरांचे गट करतात. एका गटाला काहीच नाही, दुसऱ्याला नुसते मलमाचे लोणी, तिसऱ्याला माहितीतले औषध, चौथ्याला तेल मिसळलेले मलम. ‘नुसते लोणी’ कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण १९६२ साली लंडनच्या जॉर्ज विंटरने दाखवले. डुकराच्या पिलांच्या पाठीवरच्या उथळ जखमांपैकी काही त्याने उघड्या ठेवल्या आणि काहींवर पातळ प्लास्टिक चिकटवले. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली! म्हणजे कोणतेही निरुपद्रवी स्निग्ध मलम जखमेला कोरडी पडू न देता काही मदत करतेच. ती मदत वजा केल्याशिवाय सुगंधाचा हिशेब लागत नाही. जखम मोकळी सोडावी, हवा लागू द्यावी, खपली धरू द्यावी, हा आपल्याकडचा पक्का समजही या प्रयोगाने डळमळीत केला.

२०१६ साली जपानी संशोधकांनी उंदरांवर लव्हेंडरचे तेल वापरून पाहिले. जखमा लवकर आकसल्या, मांसांकुर लवकर आले, आणि त्यामागची शरीरातली रासायनिक साखळीही त्यांना काही अंशी दिसली. ही चांगली बातमी आहे. परंतु येथे एक मेख आहे. उंदराची कातडी सैल असते. तिच्या जखमा मुख्यतः कडा आत ओढल्या जाऊन मिटतात, पुरचुंडीची नाडी ओढावी तशा. माणसाची कातडी आतल्या थराला घट्ट बांधलेली असल्याने तिला नवी कातडी विणावी लागते. म्हणून उंदराचा निकाल माणसाच्या प्रगतिपुस्तकात जसाच्या तसा उतरवता येत नाही.

शेवटी परीक्षा माणसावरच व्हायची. आणि येथे सुगंधी तेलांची एक खास अडचण आहे. कोणाला खरे औषध आणि कोणाला खोटे, हे ना रुग्णाला कळावे ना तपासणाऱ्याला, असा नियम असतो. नाहीतर मनाचा कौल निकालात मिसळतो. साध्या गोळीच्या बाबतीत हे सोपे. पण लव्हेंडरचा वास लपवणार कसा?

१९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी प्रयोगात यावर सुरेख तोड काढली. नुकत्याच बाळंत झालेल्या ६३५ स्त्रिया. बाळंतपणात नाजूक जागी झालेल्या जखमांचे दुखणे हा विषय. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे तीन गट केले. दहा दिवस रोज आंघोळीच्या पाण्यात एका गटाने खऱ्या लव्हेंडर तेलाचे थेंब टाकले, दुसऱ्याने कारखान्यात बनवलेल्या कृत्रिम लव्हेंडरचे, तिसऱ्याने निव्वळ निरुपद्रवी द्रवाचे. आपल्या बाटलीत काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. निकाल काय लागला? खऱ्या लव्हेंडरच्या गटाला तिसऱ्या ते पाचव्या दिवसांच्या दरम्यान जरा कमी त्रास झाला असे आकड्यांत दिसले. परंतु तिन्ही गटांतला फरक निव्वळ योगायोगाने पडू शकेल एवढाच होता. अपाय कोणालाही झाला नाही. म्हणजे पाण्यात टाकलेले थेंब निर्धोक ठरले. गुणकारी मात्र सिद्ध झाले नाहीत.

टी ट्रीच्या तेलाची परीक्षा २००४ साली इंग्लंडमध्येच झाली. नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या ‘एमआरएसए’ या हट्टी जंतूने ज्यांच्या अंगावर ठाण मांडले होते अशा २२४ रुग्णांचा हिशेब त्यात आहे. पाच दिवस काहींना टी ट्रीचे मलम आणि अंग धुण्याचे द्रव दिले, तर काहींना नेहमीची औषधे. नेहमीच्या औषधांनी ४९ टक्के रुग्ण जंतुमुक्त झाले. टी ट्रीने ४१ टक्के. नाकातले जंतू घालवण्यात नेहमीचे मलम बरेच सरस ठरले, तर कातडीवरच्या जागांत टी ट्री पुढे गेले. ज्या तेलाला नातू हसत होता ते रुग्णालयातल्या औषधांच्या पंगतीत बसले, ही लहान गोष्ट नव्हे. पण ती पंगतही जंतू घालवण्याची होती. जखम लवकर भरते, असे त्यातून कोणी म्हटलेले नाही.

हळदीचा विजय कसला?

येथे कोणी म्हणेल, “अहो, आपल्या हळदीचे तर अमेरिकेतही सिद्ध झाले ना!” त्या प्रकरणाचाही नीट विचार करण्यासारखा आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सी.एस.आय.आर. या आपल्या संस्थेने त्याला आव्हान दिले. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही पुढे ठेवला. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. प्रत्येक भारतीयाला अभिमान वाटावा अशीच ती लढाई होती. परंतु त्या निकालाने सिद्ध काय झाले? ही विद्या नवी नव्हे, आमच्या आजीपणजीला ती ठाऊक होती, एवढेच. हळदीने जखम किती दिवस लवकर भरते, हा प्रश्न पेटंट कार्यालयापुढे नव्हताच. आपण मात्र मालकी सिद्ध झाली म्हणजे गुणही सिद्ध झाला, असे समजून मोकळे झालो. जुनेपणा हे वापरून पाहण्याचे उत्तम कारण आहे. पाहिल्याचा पुरावा मात्र निराळा लागतो.

घरात काय करावे?

तर निवाडा असा: सुगंधी तेले जंतू मारतात हे खरे. ठरावीक प्रमाणात पातळ करून, तपासलेल्या मलमातून वापरली तर पुढेमागे काही जखमांना त्यांचा उपयोग सिद्ध होईलही. त्याचा शोध चालू आहे. पण बाटलीतला निव्वळ थेंब उघड्या जखमेत घालण्याला आज आधार नाही. त्याने आग होते, नव्या पेशींना इजा होऊ शकते. जुन्या, उघडून ठेवलेल्या बाटलीतले तेल हवेने बदलते आणि कातडीला खाज-पुरळ आणण्याची शक्यता वाढते. ‘नैसर्गिक’ या शब्दावर फार विसंबू नये. बिब्बाही नैसर्गिकच आहे! निलगिरी आणि कापराचे तेल तर मुलाने चुकून प्यायले तर फेफरे येण्यापर्यंत मजल जाते. या बाटल्या देवघरातल्या फडताळात नकोत, मुलांचा हात पोचणार नाही अशा कुलुपात हव्यात.

साधे कापले तर स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावे, नळाच्या वाहत्या पाण्याने जखम नीट धुवावी, भोवती साबण लावावा आणि स्वच्छ पट्टीने झाकावी. जखम खोल असेल, माती किंवा गंज लागलेला असेल तर धनुर्वाताच्या लसीसाठी डॉक्टर गाठावा. आणि घरात कोणाला मधुमेह असेल तर ही गोष्ट गाठीशी बांधून ठेवा: अशा माणसाच्या पायाची जाणीव पुष्कळदा कमी झालेली असते, जखम दुखत नाही म्हणून ती बरी होते आहे असे वाटते. “तेल लावतो आहे, बघू आठ दिवस” म्हणून घालवलेले ते आठ दिवस बोटावर, प्रसंगी पावलावर बेततात. तेलाने केलेल्या अपायापेक्षा तेलाच्या भरवशावर गेलेला वेळच अधिक घातक.

राहता राहिली दिवाळी. भुईनळा उडवताना किंवा विझलेल्या फुलबाजीची तापलेली तार तुडवून कोणाला भाजलेच, तर लव्हेंडर नको, हळद नको, तूप, शाई, टूथपेस्ट काहीही नको, बर्फसुद्धा नको. भाजलेली जागा लगेच नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली पुरी वीस मिनिटे धरावी. अंगठ्या-बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. मग स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने सैलसर झाकावे. भाजणे चेहऱ्यावर, हातापायांवर, सांध्यांवर असेल, तळहातापेक्षा मोठे असेल किंवा मूल लहान असेल, तर थेट दवाखाना. वीस मिनिटे फार वाटतात. रडणाऱ्या मुलाचा हात धरून बसणाऱ्या आईला तर युगासारखी वाटतात. पण आजवर झालेल्या सगळ्या परीक्षांतून या पाण्याइतके खात्रीचे, आणि फुकटचे, औषध दुसरे सापडलेले नाही. अंगणात पणत्या लावाल तेव्हा शेजारी भरलेली एक बादलीही ठेवा.